साकवाला केवणच हवी

सह्याद्रीतल्या एका जंगलात एक वानर राहत असे. आता तुम्ही म्हणाल, जंगल म्हटलं की वानर असायचाच, त्यात सांगण्यासारखं काय? तर या वानराकडे एका साकवाचा मान होता. साकव म्हणजे घळीवर किंवा ओढ्यावर हातानं बांधलेला लहानसा पूल. या जंगलाच्या मधोमध एक घळ होती. रुंदीला फार नव्हती, पण वानरालाही उडी मारून पार करता येऊ नये इतकी होती, आणि खोल तर विचारूच नका. घळीच्या अलीकडच्या उतारावर बारमाही झरा होता, पलीकडे कोवळं गवत आणि उंबरांची झाडं. त्यामुळे जनावरांचं दोन्हीकडे सारखं जाणं-येणं असे, आणि ते सगळं त्या साकवावरून. दोन जाड दोर या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेले आणि त्यांच्यावर आडव्या काठ्या बांधलेल्या, एवढाच तो साकव. दर वर्षी पाऊस सरला की वानर जुने दोर उतरवी आणि नवे वळून चढवी. दुसऱ्या कुणाला हे काम जमत नसे. दोर वळायला बोटं लागतात, आणि खुरांना कसली आलीत बोटं!

वानर कामाला चोख होता, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्याच्यावर चिडले तर तुम्ही मला नावं ठेवायची नाहीत. त्याचा एकच हट्ट होता. "साकवाला केवणच हवी," तो म्हणे. केवण नावाच्या झुडपाची साल भारी चिवट असते. वाकवा, पिळा, गाठ मारा, तुटायचं नाव घेत नाही. पलीकडच्या उतारावरची साळिंदरं ही साल दातांनी सोलत आणि साकवाच्या पलीकडच्या टोकाशी आणून टाकत. साकवावर पाय ठेवायची त्यांना भीती वाटे, म्हणून ती अलीकडे कधी येत नसत. वानर जाऊन साल उचली, झऱ्यात भिजवी आणि दोर वळी. त्याच्या बापाच्या वेळी कुणीतरी भलत्याच झाडाची साल दोराला लावली होती. तो दोर तुटला आणि एक सांबर घळीत गेलं. तेव्हापासून त्या घरात केवणीचा नियम झाला. नियमाला कारण होतं, हे कबूल केलंच पाहिजे.

पण गंमत बघा. वानरानं आयुष्यभर केवणीची साल हाताळली, केवणीचं झुडूप मात्र कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या हातात यायची ती सोललेली पट्टी. तिला ना पान, ना फूल, ना शेंग. आणि इकडे अलीकडच्या उतारावर, झऱ्याच्या काठानं, त्याच्या बसायच्या झाडाखालीच एका झुडपाचं रान माजलं होतं. त्या झुडपाच्या शेंगा पीळ घातल्यासारख्या असत, म्हणून अलीकडचे सगळे त्याला मुरुडशेंग म्हणत. पोटात मुरडा आला की ती शेंग चघळायची, एवढाच तिचा उपयोग त्यांना ठाऊक. आता तुम्हाला म्हणून कानात सांगते. केवण आणि मुरुडशेंग हे एकच झुडूप! दोन काठांवर दोन नावं, बाकी काही फरक नाही. पण अलीकडे हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण तशी चौकशी करायची वेळच कधी आली नव्हती.

वेळ आली ती फाल्गुनाच्या अखेरीला. गवत वाळून कडकडीत झालं होतं. एक भेकरबाई नुकतीच व्याली होती. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. अलीकडच्या उतारावर बिबट्याचा वावर होता, म्हणून ती बिचारी पलीकडे जाऊन, घळीजवळच्या एका कातळावरच्या उंच गवतात व्याली. रोज सकाळी पाडसाला गवतात निजवून ती साकवावरून झऱ्यावर येई, घाईघाईनं पाणी पिई आणि परत जाई. त्या सकाळीही ती आली. तिनं पाण्याला तोंड लावलं आणि वाऱ्याबरोबर धुराचा वास आला. तिनं मान वर केली. पलीकडच्या डोंगरमाथ्यावर वणवा लागला होता.

भेकरबाई साकवाकडे धावली. पण तिच्या आधी पलीकडून रानडुकरांचा कळप साकवावर घुसला. एकेकानं जायचं, हा तिथला रिवाज. पण भ्यालेल्या डुकरांना रिवाज कोण सांगणार! सगळा कळप एकदमच धडधडत आला. शेवटचं डुक्कर अलीकडच्या काठावर पाय टेकतंय तोच कडकन आवाज झाला आणि दोन दोरांपैकी एक तुटला. आडव्या काठ्या एका बाजूनं लोंबकळू लागल्या. उरलेल्या एका दोरावरून वानर लटकत जाऊ शकला असता, पण चार खुरांचं जनावर कसं जाणार?

"माझं बाळ पलीकडे आहे!" भेकरबाई ओरडली. "वानरदादा, माझं बाळ राहिलंय हो! असं दडलंय की माझ्याशिवाय कुणाला सापडायचं नाही!"

वानर तोवर खाली उतरून तुटका दोर हातात घेऊन पाहत होता. डुकरांचा म्होरक्या त्याच्या शेजारीच धापा टाकत उभा होता.

"तुझा साकवच कच्चा," म्होरक्या गुरगुरला. "आम्ही मेलो असतो."

"एकेकानं यायचं असतं, हे माहीत नाही का?" वानर भडकला. "मस्तवाल कुठले!"

"अहो, भांडता काय!" भेकरबाईचा आवाज कापत होता. "दादा, दोर वळा. नवा दोर वळा आणि मला पलीकडे जाऊ द्या. आग अजून वर आहे."

आग खरंच अजून वर होती. वणवा डोंगर चढताना धावतो, उतरताना त्यामानानं सावकाश उतरतो. म्हणजे हातात थोडा वेळ होता, थोडाच. वानरानं एकदा वर पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"वळला असता गं ताई. पण केवण कुठंय? गेल्या वर्षीची साल संपली. नवी पलीकडे, आणि साळिंदरं आगीच्या भीतीनं बिळात शिरली असतील."

"दुसरी कसली साल नाही चालणार?"

"साकवाला केवणच हवी," वानर म्हणाला.

काठावर एक अस्वल उभं होतं. अंगानं दांडगं, मनानं साधं. कुणी काम सांगितलं की नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. वानर त्याच्याकडे वळला. "अस्वलभाऊ, वर खिंडीच्या तोंडाशी केवण आहे, असं साळिंदरं सांगत असतात. तू पळत जाऊन आणतोस का?"

"आणतो की," अस्वल म्हणालं. "पण केवण दिसते कशी?"

बघा, आयुष्य गेलं त्या सालीत, आणि झुडूप दिसतं कसं हे सांगता येईना! शेवटी वानर म्हणाला, "साळिंदरांनी अर्धवट सोललेली झुडपं असतील. तीच केवण."

अस्वलानं मान डोलावली आणि ते चढण चढू लागलं. खिंड म्हणजे जिथं दोन्ही उतार मिळतात ती जागा. तिच्या पलीकडच्या अंगाला आता धूर दिसत होता. भेकरबाईनं विचारलं, "मग मीच खिंडीतून वळसा घालून बाळाकडे गेले तर?" वानर म्हणाला, "खिंड आणि तुझा कातळ यांच्यामध्ये आग आहे ताई. जाशील आणि जळशील." तेही खरंच होतं.

मग सगळे वाट पाहू लागले. वाट पाहणं म्हणजे काय असतं, ते आईला विचारा. भेकरबाई काठावर इकडून तिकडे फेऱ्या घालत होती. पलीकडच्या कातळावरचं गवत इथून स्पष्ट दिसत होतं. त्या गवतात तिचं पाडस निपचित पडलं असणार, कारण तिनं त्याला तसंच शिकवलं होतं. आई नसताना हलायचं नाही. आईचं भुंकणं ऐकू आलं, तर अंग आणखी चोरायचं. एरवी या शिकवणीनंच बाळं वाचतात. आज मात्र तिला वाटत होतं, आपण हे नसतं शिकवलं तर बरं झालं असतं.

आग खाली आली. आधी नुसता धूर दिसत होता, आता ज्वाळा दिसू लागल्या. वाळलेले बांबू फटाफट फुटत होते. अस्वलाचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात वरच्या फांदीवरून एक शेकरू खाली आलं. शेकरू म्हणजे झुबकेदार शेपटीची मोठी खार. स्वभावानं भित्रं, पण बोलायची हौस फार. "मी आपलं सुचवते हं," ते म्हणालं, "घरटं बांधताना मी या मुरुडशेंगेची साल ओढून नेते. चांगली लवते ती. वाऱ्यात घरटं सुटत नाही."

"घरटं आणि साकव यात फरक आहे," वानर म्हणाला. "मुरुडशेंग पोटदुखीची. औषधाच्या झुडपानं कुठं साकव बांधतात होय?"

"नाही, मी आपलं सुचवलं," असं म्हणत शेकरू पुन्हा फांदीवर गेलं.

मला त्या शेकराचाही राग येतो, खरं सांगते. घरट्याला रोज जी साल वापरतेस, तिच्यासाठी अजून दोन शब्द बोलली असतीस तर जीभ झिजली असती का? पण वानरासमोर कुणी बोलत नसे. साकवाचा मान त्याचा होता ना!

भेकरबाईनं मात्र ते ऐकलं होतं. ती झऱ्याकाठच्या मुरुडशेंगेच्या रानाकडे गेली. शेंगा वाळून तपकिरी झाल्या होत्या, पण झऱ्याच्या ओलीमुळे बुंधे अजून हिरवे होते. तिनं एका बुंध्याची साल तळाशी दातांत धरली आणि मान जोरात वर झटकली. चर्रकन एक लांब पट्टी सुटून आली. तिनं ती तशीच फरफटत काठावर आणली आणि डुकरांच्या म्होरक्यासमोर टाकली.

"धर हे टोक," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुझ्या कळपानं दोर तोडला. माझं बाळ त्यामुळे पलीकडे अडकलंय. कशाला म्हणून विचारू नकोस, धर आणि ओढ."

म्होरक्या वरमला. इतका वेळ तो साकव कच्चा, साकव कच्चा म्हणत होता, पण आता आईच्या डोळ्याला डोळा देता येईना. त्यानं सालीचं एक टोक दातांत घट्ट धरलं. दुसरं टोक भेकरबाईनं एका झाडाच्या बुंध्याला वेढा घालून स्वतःच्या दातांत पकडलं आणि पाय रोवले. डुक्कर मागे सरलं. साल ताणली गेली. डुकरानं मान खाली घालून सगळी ताकद लावली. मातीत त्याचे पाय घसरू लागले. साल तुटली नाही. त्यानं हिसका दिला, आणखी एक दिला, भेकरबाईच्या हिरड्यांतून रक्त आलं, पण साल काही तुटली नाही.

"अरे वा!" म्होरक्या तोंडातली साल सोडून म्हणाला. "ही तर माझ्याहून हट्टी निघाली."

सगळ्यांनी वानराकडे पाहिलं. वानरानं ती पट्टी उचलली, बोटांत फिरवली, वाकवली, पिळली. त्याच्या बोटांना ती ओळखीची वाटली. बोटं खोटं बोलत नाहीत. पण डोकं आडवं आलं.

"चिवट आहे," तो म्हणाला, "पण ही केवण नाही."

"नसू दे!"

"ताई, तुला कळत नाही. माझ्या बापाच्या वेळी असंच भलत्या सालीवर भरवसा ठेवला आणि सांबर घळीत गेलं. उद्या तू पडलीस तर सगळं जंगल मला बोल लावेल."

पलीकडे कातळाच्या वरच्या कडेचं गवत पेटलं. भेकरबाईनं तिकडे पाहिलं आणि मग ती वानराच्या अगदी जवळ गेली. तिचा आवाज आता कापत नव्हता.

"दादा, दोर तुटला तर मी पडेन. तुम्ही नाही. तुमच्यावर बोल येणार नाही, हे मी सगळ्यांदेखत सांगते. मला तुमचा नियम नको, तुमची बोटं हवीत. मला बोटं असती तर मी तुमच्या पायाशी आले नसते. वळताय की बाळ जळताना माझ्या शेजारी उभे राहून बघताय?"

वानरानं मान खाली घातली. मग तो मटकन खाली बसला आणि त्यानं ती पट्टी दोन्ही पायांच्या बोटांत अडकवली. "आणा," तो म्हणाला. "भराभर आणा. लांब पट्ट्या, तुकडे नकोत."

मग काय सांगू मुलांनो, त्या रानात एकच धांदल उडाली! शेकरू बुंध्यांवर चढून वरून साल कुरतडून सोडत होतं, डुकरं खालून दातांनी ओढत होती, भेकरबाई पट्ट्या तोंडात धरून वानराकडे नेत होती. वानराचे हात दिसत नव्हते इतके चालत होते. तीन पट्ट्यांना पीळ, त्यात नवी पट्टी, पुन्हा पीळ. साल भिजवायला वेळ नव्हता, म्हणून शेकरू शेपटी झऱ्यात बुडवून वळलेल्या दोरावर झटकत होतं. वानर एकदाही वर पाहत नव्हता. आता आगीची धग अलीकडच्या काठावरही लागत होती आणि राख उडून सगळ्यांच्या अंगावर पडत होती.

दोर पुरेसा लांब झाला. वानरानं त्याचं एक टोक अलीकडच्या जांभळाला बांधलं, दुसरं कमरेला गुंडाळलं आणि तो उरलेल्या जुन्या दोराला लटकत पलीकडे गेला. तिथल्या खडकाला त्यानं टोक करकचून बांधलं. परतताना लोंबकळणाऱ्या काठ्या उचलून एकेक करून नव्या दोराला अडकवत आला. सगळ्या नाही, मधल्या कित्येक गाळल्या. जेमतेम पाय ठेवता येईल इतकंच. भेकरबाई थांबली नाही. वानर अलीकडे पोचतो न पोचतो तोच तिनं साकवावर पाय ठेवला. नवा दोर ताणला गेला, करकरला आणि टिकला.

"हाक मार बाळाला!" काठावरून डुकरं ओरडली.

"गप्प!" तिनं मागे वळून दटावलं. "आवाज ऐकला की ते आणखी दडेल!"

पलीकडे पोचल्यावर धुरानं तिला काही दिसेना. वासही लागेना, सगळीकडे जळक्याचाच वास. ती गवतात नाक खुपसत, न बोलता, न भुंकता पुढे सरकू लागली. मागून वानर खोकत येत होता. एका ठिकाणी तिच्या नाकाला मऊ, गरम काहीतरी लागलं. पाडस डोळे मिटून, कान पाठीला चिकटवून पडलं होतं. जसं सांगितलं होतं अगदी तसंच. तिनं त्याला चाटलं, तेव्हा कुठं ते थरथरत उभं राहिलं.

साकवाशी येताच वानरानं कमरेला अडकवलेली एक उरलेली पट्टी काढली. तिची एक बाजू त्यानं पाडसाच्या पोटाभोवती बांधली आणि दुसरीची सैल कडी करून नव्या दोरात अडकवली. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "तू पुढे चल ताई," तो म्हणाला. "ते तुझ्या मागे येईल. मी शेवटी आहे."

भेकरबाई पुढे, पाडस मागे, वानर शेवटी. पाडसाचे पाय काठ्यांमधून सारखे घसरत होते. प्रत्येक वेळी वानर त्याला वर उचली. अलीकडचा काठ अगदी जवळ आला. आणि मागे, पलीकडच्या टोकाशी, आगीची एक जीभ जुन्या दोराला लागली. वाळलेला दोर तो! भर्रकन पेटला आणि तुटला.

काठ्या पायांखालून निसटल्या. भेकरबाईनं उडी घेतली आणि ती छातीवर आपटत अलीकडच्या काठावर पडली. वानरानं झेप घेऊन नवा दोर पकडला. पाडस मात्र काठ्यांबरोबर खाली गेलं. भेकरबाईच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती मला सांगता येणार नाही.

पण पाडस पडलं नाही. पोटाला बांधलेली पट्टी ताणली आणि ते दोराखाली झोके खाऊ लागलं. खाली घळ, वर मुरुडशेंगेचा एकटा दोर, आणि त्या दोराला एक पाडस नि एक वानर. आता वानराचा स्वतःचा जीवही त्या औषधाच्या झुडपावर टांगला होता. तो एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं ती कडी पुढे ढकलू लागला. थोडी पुढे, मग हात पुढे, पुन्हा कडी. मागे दोराच्या टोकाशी आग पोचत होती. तो दोर ओला होता, म्हणून पेटायला वेळ घेत होता. नुसता धुमसत होता.

"ढकल! ढकल!" डुकरं ओरडत होती. म्होरक्या काठावर पालथा पडला, त्याचे मागचे पाय दोन डुकरांनी धरून ठेवले. त्यानं मान लांब करून पाडसाच्या पोटाची पट्टी दातांत पकडली आणि पाडसाला काठावर ओढून घेतलं. मागोमाग वानर वर आला. मग पलीकडचं टोक सुटलं आणि धूर सोडणारा दोर घळीत जाऊन लोंबू लागला.

भेकरबाई पाडसाला चाटत होती, चाटतच होती. डुकरं हसत होती आणि रडतही होती. शेकरू ज्याला त्याला सांगत सुटलं होतं, "मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं का?" वानर जांभळाला टेकून तळहातांकडे पाहत बसला होता. त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं, पण चेहऱ्यावर समाधान होतं. मीसुद्धा तेव्हा त्याला माफ करून टाकलं असतं.

इतक्यात चढणीवरून कुणीतरी खाली येताना दिसलं. अस्वल होतं ते. त्याला सगळे विसरलेच होते. ते लंगडत येत होतं, एका पायानं नव्हे, चारही पायांनी. अंगावरचे केस जागोजागी जळले होते. तळव्यांची कातडी सोलवटली होती आणि प्रत्येक पावलाला ते कण्हत होतं. पण दातांत एक अख्खं झुडूप मुळासकट उपटून घट्ट धरलेलं होतं. अर्धवट सोललेलं होतं ते, साळिंदरं सोलतात तसं.

अस्वलानं ते वानरासमोर ठेवलं. "घे केवण," ते म्हणालं. "खिंडीत खाली सगळे निखारे होते. त्यातून जाऊन आणली. उशीर नाही ना झाला?"

त्या झुडपाच्या फांद्यांवर वाळलेल्या, पीळ घातल्यासारख्या शेंगा लटकत होत्या. शेकराची बडबड थांबली. डुकरांनी आधी त्या शेंगांकडे पाहिलं, मग झऱ्याकाठच्या रानाकडे. अस्वलानंही त्यांच्या पाठोपाठ तिकडे पाहिलं. तिथं ओळीनं सोललेली झुडपं उभी होती आणि त्यांच्या फांद्यांवर तशाच शेंगा होत्या.

"ही तर इथंच होती," अस्वल म्हणालं. त्याला राग येत नव्हता, नुसतं कोडं पडलं होतं. "मग मला कशाला पाठवलंस?"

"भाऊ, साल इथं होती," वानर कसाबसा म्हणाला. "मी तुला नावासाठी पाठवलं."

अस्वल खाली बसलं. त्यानं एक पंजा उलटा करून पाहिला, मग दुसरा पाहिला. "नावासाठी होय?" ते हळूच म्हणालं. "पाय फार भाजले रे माझे."

तात्पर्य : अडीअडचणीला हाताशी असलेली वस्तू आधी पारखून पाहावी, तिचं नाव विचारत बसू नये, नावाचा हट्ट एकजण धरतो आणि चटके भलत्यालाच बसतात.